स्वच्छ हवेच्या खोलीची हजेरी

२ मार्च

पोचले एकदाची. दोन बॅगा, पुस्तकांची एक पिशवी आणि ह्यांचा तपकिरी स्वेटर, एवढंच घेऊन. स्टँडवर लेक आली होती, दवाखान्यातून तशीच, नर्सच्या कपड्यांत. तिच्या मागे लपून माझी नात. आठ वर्षांची आहे, पुढचे दोन दात मोठे, म्हणून घरात सगळे तिला खारू म्हणतात. आधी लाजली, आणि मग घरी पोचेपर्यंत तिचं तोंड मिटलं नाही. मी कायमची आलेय की पाहुणी, हे तीनदा विचारून घेतलं. कायमची म्हटल्यावर लगेच माझी बॅग उघडून आत काय आहे ते बघितलं.

घर छान आहे. दोन खोल्या, मागे ओटा, समोर बेकरी. मागच्या खिडकीतून थेट जंगल दिसतं, डोंगराच्या माथ्यापर्यंत. जावई बोटीवर नोकरीला, सहा महिन्यांनी उगवतो. तेव्हा घरात आम्ही तिघीच.

ह्यांना जाऊन परवा तीन वर्षं झाली. दगड कापायच्या कारखान्यात तीस वर्षं धूळ खाल्ली आणि दाखल्यावर लिहून आलं, हृदय बंद पडून मृत्यू. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं. तेवढी एक ओळ खरी लिहून द्या म्हणून मी दोन वर्षं खेटे घातले. दिली नाही. असो. नव्या वहीत पहिल्याच दिवशी रडगाणं नको. बेकरीवाली बाई स्वतः येऊन गरम पाव देऊन गेली आणि पैसे विचारले तर माझ्यावरच डोळे वटारले. बरं वाटतंय.

९ मार्च

चार दिवस झाले, वर जंगल पेटलंय. जाळ दिसत नाही, नुसता धूर. सकाळी उठावं तर दुधावर, उशीवर, पुस्तकाच्या पानांत राख. खिडकीतला डोंगर गेला. काल तर बेकरीही अर्धीच दिसत होती.

खारूला दमा आहे, हे लेकीने मला फोनवर कधी सांगितलंच नव्हतं. मी काळजी करीन म्हणून. आता रोज रात्री तिची छाती वाजते ती ऐकतेच आहे. ह्यांची वाजायची तशीच. लेक म्हणते, दवाखान्यात खाटा संपल्या, लोक बाकांवर झोपलेत.

जंगल दरवर्षी थोडंफार पेटतंच, पण इतकं का, ते मी बेकरीच्या रांगेत विचारलं. सगळे एकदम बोलायला लागले. जंगलात जाळरेषा असते म्हणे. वीस-पंचवीस फुटांचा पट्टा, त्यातलं गवत नि पालापाचोळा थंडीतच काढून जाळून टाकायचा, म्हणजे उन्हाळ्यात आग तिथे येऊन थांबते. इथली जाळरेषा दरवर्षी निघते, पण कागदावर. बेकरीवाली म्हणाली, आगीला बिचारीला वाचता येत नाही ना, नाहीतर थांबली असती. सगळे हसले आणि हसता हसता खोकायला लागले.

१२ मार्च

मला नोकरी लागली! ह्या वयात!

शाळेमागच्या हॉलमध्ये वनकार्यालयाने 'स्वच्छ हवेची खोली' उघडली आहे. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी, पडदे, एकामागे एक दोन दारं, आणि भिंतीलगत कपाटाएवढं एक यंत्र. समोर लोखंडी जाळी, आत पांढरा जाड फिल्टर. धुराची हवा ओढतं आणि साफ करून सोडतं. म्हातारे, दमेकरी, गरोदर बायका आणि लहान मुलं यांनी दिवसभर तिथे बसायचं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच.

मी हजेरी ठेवायची. नाव लिहायचं, आल्याची खूण, गेल्याची खूण. पाचला दोन्हींची बेरीज करून वनकार्यालयात फोन करायचा. तिथल्या साहेबांनी विचारलं, शिक्षण किती. मी म्हटलं, शाळा दुसरीपर्यंत, पण वाचनालयात वीस वर्षं पुस्तकं पुसत होते, पुसता पुसता वाचली. साहेब हसले. हसू देत. खारू माझ्याजवळ बसणार आणि तिला श्वास मिळणार, मला बाकी काही नको.

आज पहिल्याच दिवशी तासाभरात तिची छाती वाजायची थांबली. मी वहीकडे बघायचं नाटक करत तिच्याकडे बघत बसले.

१६ मार्च

हिशेब चुकला. आत आलेले सत्तावीस, बाहेर गेलेले अठ्ठावीस.

असं होऊ नये म्हणून मी ह्यांच्या जुन्या शर्टांची बटणं आणली होती. माणूस आत आला की वाटीत एक बटण टाकायचं, गेला की काढायचं. वाटी रिकामी झाली आणि त्यानंतर एक माणूस माझ्या समोरून बाहेर गेला. तोंडाला फडकं, अंगावर राख. तसे सगळेच असतात म्हणा. पण इतर लोक सकाळी राखेचे येतात आणि संध्याकाळी जरा माणसासारखे दिसतात. हा संध्याकाळी राखेचा होता. कपड्यांना ओल्या धुराचा वास मारत होता, नुकत्या विझवलेल्या चुलीसारखा. दिवसभर आत बसलेल्याला कसा येईल?

फोनवर मी खरं ते सांगितलं. पलीकडचा कारकून म्हणाला, काकू, डुलकी लागली असेल.

१७ मार्च

आत एकतीस, बाहेर बत्तीस. डुलकी नाही. खारूनेही माझ्याबरोबर मोजले.

यंत्राचा मेकॅनिक फिल्टर बदलायला आला होता. जाळी काढली आणि बघतच राहिला. पाच दिवसांत फिल्टर डांबरासारखा काळा व्हायला हवा होता म्हणे. हा कोरा पांढरा. मशीन नशिबाने चांगलं मिळालंय, असं म्हणून तो तोच फिल्टर परत बसवून, नवा काखेत मारून गेला.

बाहेर धुराने दिवसा दिवे लागलेत. यंत्र तर चालू आहे, हवाही साफ होते. मग त्यातलं काळं जातं कुठे?

१९ मार्च

साहेब स्वतः आले. चहा नको म्हणाले, खुर्ची नको म्हणाले, उभ्या उभ्या मला झापलं. जुळत नसलेली हजेरी वर पाठवता येत नाही. आत आला नाही तो बाहेर गेला, असं लिहून त्यांची शोभा करायची आहे का मला? एकतर आकडे जुळवा, नाहीतर वरून खोली बंद करायचा हुकूम येईल.

मी म्हटलं, साहेब, एक माणूस जास्त जातो त्याचं काय करू? ते म्हणाले, मग तो आला असेल ना! आल्याशिवाय जाईल कसा? तुम्ही लिहायला विसरलात. लिहून टाका कुणाचंही नाव.

मी खोटं लिहिणार नाही असं तोंडावर आलं होतं. तेवढ्यात खारू आतून पळत आली, कागदाचं विमान उडवत. पळत! घरात तिला संडासापर्यंत चालताना तीन वेळा थांबावं लागतं.

बरं साहेब, म्हटलं.

२० मार्च

आत एकोणतीस, बाहेर तीस. एक नाव बनवून 'आत'च्या रकान्यात लिहिलं. दोन्हीकडे तीस. कारकुनाने शाबासकी दिली.

ह्यांचा दाखला लिहिणाराही असाच पेन धरून बसला असेल. त्यालाही कुणीतरी सांगितलं असेल, जुळवून टाक.

२३ मार्च

परवा एक. आज एक. मिळून तीन नावं झाली. माझं अक्षर इतकं चांगलं कधी आलं नव्हतं.

हॉलमध्ये रोज एक जुने वनरक्षक येतात, निवृत्त झालेले. सगळे त्यांना गार्डमामा म्हणतात. फार खोकतात, पण मध्ये मध्ये मला पुस्तकांवरून चिडवतात, की काकू, एवढं वाचून शेवटी बसलात दारावरच. आज पाच वाजता ते माझ्याशेजारी उभे होते. तो जास्तीचा माणूस गेला, जरा डाव्या पायाने लंगडत. मामांच्या तोंडावरचा रंग उडाला. मी काय झालं विचारेपर्यंत निघून गेले.

२५ मार्च

आज जुळलं! आत तेहतीस, बाहेर तेहतीस. एकही खोटं नाव नाही. वाटी रिकामी आणि हॉल रिकामा. देव पावला म्हणायचा. खारूला बेकरीतून केक घेऊन देणार होते, पण बेकरी बंद दिसली.

त्याच दिवशी, रात्री आठ

बेकरीवाली घरी आलेली नाही. तिचा नवरा दारात उभा होता. सकाळी खोकला वाढला म्हणून ती पहिल्यांदाच हॉलमध्ये आली होती, मीच नाव लिहिलं तिचं. ती परत गेल्याचं मला काही केल्या आठवत नाही. पण तेहतीस गेले. मी मोजले.

२६ मार्च

गार्डमामा तीन दिवस आले नाहीत म्हणून आज त्यांच्या घरी गेले. भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी बेकरीवालीचं सांगितलं तेव्हा उठून बसले.

अकरा वर्षांपूर्वी अशीच आग लागली होती म्हणाले. जाळरेषा कागदावर निघालेली. वरून तपासणी येणार म्हणून तेव्हाच्या साहेबांनी घाईघाईने नऊ मजूर रेषा काढायला वर पाठवले. आगीच्या तोंडात. जुन्या तारखेचं काम दाखवायचं होतं, म्हणून त्यांची नावं हजेरीत चढवलीच नाहीत. नऊच्या नऊ परत आले नाहीत. आत गेले हेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून बाहेर आले नाहीत हेही कुणाला लिहावं लागलं नाही. हिशेब जुळला. मामांनी स्वतः त्यांना रस्ता दाखवला होता. त्यातला एक डाव्या पायाने लंगडायचा.

मी विचारलं, मग आता ते आमच्या खोलीत कशाला येतात? मामा म्हणाले, धुराबरोबर ओढले जात असतील. बाहेर पडायला दार मिळालं त्यांना. आणि तुमच्याकडे हजेरी आहे, काकू.

मी घरी येताना तारखा मोजल्या. सोळा, सतरा, वीस, एकवीस, तेवीस. पाच जण फुकट गेले. साहेबांनी मला सांगितलं, मी वहीत लिहिलं, आणि त्या मजुरांनी ते वाचलं: जितके आत, तितकेच बाहेर. सहावा निघाला तेव्हा बेकरीवाली आत राहिली.

मीच शिकवलं त्यांना.

२७ मार्च

लेकीला सगळं सांगितलं. ती ऐकून घेते, नाडी बघतात तसं माझं मनगट धरते. आई, तुला झोप नाही, बाबांचं अजून मनात आहे, म्हणाली. आहेच. पण त्याचा ह्याच्याशी काय संबंध!

खारूला हॉलमध्ये पाठवायचं नाही असं मी ठरवलंय. लेक म्हणाली, मग तिने श्वास कुठे घ्यायचा? खिडकीला ओल्या चादरी लावल्या.

उद्या सकाळीच साहेबांकडे जाते. खोली बंद करायला लावते.

२८ मार्च

साहेब मीटिंगमध्ये. मग जेवायला. मग दुसऱ्या मीटिंगमध्ये. नऊपासून बाकावर बसले होते. शिपाई येता-जाता म्हणायचा, मावशी, उद्या या. भिंतीवर नकाशा होता, त्यात जाळरेषा लाल शाईने काढलेली. सुरेख, सरळ, कुठे तुटलेली नाही. चार वाजता आत घेतलं. साहेब म्हणाले, मागे मीच खोली बंद करू म्हणालो तर तोंड उतरलं होतं तुमचं, आणि आज बंद करा म्हणता? आता आकडे छान जुळतायत, आता कशाला?

धावत हॉलवर आले. माझ्या जागी कारकून होता. पाच वाजून गेलेले. दाराशी लेक उभी, नर्सच्या कपड्यांत, आत-बाहेर बघत.

दुपारी खारूला घरी फार जोराचा झटका आला. ओठ निळे पडले. दवाखान्यात खाट नव्हती. लेकीने तिला उचललं, जिथे श्वास मिळतो तिथे आणून ठेवलं आणि पाचला घ्यायला येते म्हणून परत दवाखान्यात गेली. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

आत चौतीस, बाहेर चौतीस.

खारू नाही.

२९ मार्च

पोलीस आले. हॉल पाहिला, संडास, माळा, पाण्याची टाकी. वही पाहिली. तिच्या नावापुढे दोन्ही खुणा आहेत, कारकुनाची सही आहे. मुलगी इथून बाहेर पडली, असं कागद सांगतोय म्हणाले. बाहेर शोधा.

कागद सांगतोय.

साहेबांनी मला कामावरून काढलं. किल्ली मागायला विसरले.

३० मार्च

लेकीला घेऊन हॉलमध्ये गेले. यंत्र चालूच आहे. तिला म्हटलं, काही बोलू नको, जाळीला कान लाव.

आधी बेकरीवालीचा खोकला. मग दुसरा. बारीक, शेवटी शीळ वाजते तसा. लेक आठ वर्षं रोज रात्री तो ऐकत आलीये. ती खालीच बसली.

नखांनी जाळी उचकटली. आत फिल्टर. आज काळाकुट्ट, आणि हाताला गरम. दुसरं काही नाही. बटण बंद केलं तर खोकला लांब गेला, खूप लांब. डोंगराच्या बाजूला. घाबरून परत चालू केलं. हळूहळू जवळ आला.

जाळी होती तशी बसवली. तोडायची नाही. बंद करायचं नाही.

आता लेक मला वेडी म्हणत नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

३१ मार्च, सकाळी सात

साहेब दहा वाजता येणार. आग विझत आलीये, खोलीचं काम संपलं, यंत्र परत पाठवायचं. लेकीने फोनवर पाया पडून दोन दिवस मागितले. ते म्हणाले, ताई, तुमचं दुःख मला कळतं, पण यंत्र भाड्याचं आहे.

रात्रभर दोघी बसलो होतो. काय करायचं ते दोघींना माहीत होतं. ती म्हणाली, मी जाते. मी म्हटलं, आणि पोरगी बाहेर येऊन कुणाच्या गळ्यात पडेल? माझ्या? तिने माझा स्वेटर नीट केला. ह्यांचाच घातलाय.

साडेसात

लेक बाहेरच्या दाराशी उभी आहे. मी आत. वहीत माझं नाव लिहिलं, आल्याची खूण केली. खरं नाव, खरी खूण. गेल्याचा रकाना मोकळा सोडलाय.

बेकरीवालीचा नवरा सकाळी शटर उघडत होता, त्याला नजर देता आली नाही. मी एक आहे. एकाच्या बदल्यात एकच. आणि नऊतले दोघे अजून आत आहेत. कोण बाहेर येईल ते माझ्या हातात नाही.

पावणेआठ

यंत्राला टेकून बसलेय. गरम आहे. खोकला जवळ आलाय. तिला हाक मारली. खारू, आजी आहे. खोकला थांबला. ऐकतेय ती.

धूर आता बाहेरून येत नाहीये, जाळीतून येतोय. अक्षर दिसत नाही नीट. छातीत — ह्यांना असंच होत असणार. तीस वर्षं. आणि मी रोज विचारायचे, खोकल्याचं औषध घेतलंत का.

लेक दारावर थापा मारतेय. दार उघडू नको म्हणून ओरडले. आधी खारू येऊ दे.

जाळी हलली —

बोटं. जाळीच्या कडेला धरलेली. काळी, भाजलेली. लहान नाहीत. लहान नाहीत गं बाई —

नाही, थांब. हात पुढे येतोय. दुसऱ्या हातात काहीतरी धरलंय त्याने, ओढत आणतोय, सांभाळून — एक बारीक मनगट —

खारू, मागे बघू नकोस. त्याचा हात सोड आणि सरळ दाराकडे —